वाचकांचे प्रश्न : गाणारे पक्षी कसे पाहायचे, काय जमवायचं?

या महिन्यात आलेल्या पत्रांतून गाणाऱ्या पक्ष्यांविषयीचे सहा प्रश्न निवडले आहेत. बहुतेक पत्रं नागपूर आणि आसपासची असल्यामुळे उत्तरांतल्या वेळा, झाडं आणि ऋतू इथलेच धरले आहेत.

प्रश्न (धंतोली) : मार्च लागला की आमच्याकडे पहाटे कोकीळ सुरू होतो. पण त्याच्याही आधी, अंधार असतानाच, कोणीतरी सुंदर शीळ घालतं. हा पक्षी कोणता? आणि पुस्तकात कोकिळेला ‘गायक पक्षी’ म्हणत नाहीत, असं का?

उत्तर : वर्णनावरून तो दयाळ असणार. नर वरून काळा कुळकुळीत, पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा आणि शेपटी बहुधा वर उचललेली. मादीत काळ्याच्या जागी पाटीसारखा करडा रंग असतो. मार्च ते जून हा त्याच्या विणीचा काळ. त्या दिवसांत नर टीव्हीच्या जुन्या अँटेनावर, विजेच्या तारेवर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून सूर्योदयाच्या अर्धा-पाऊण तास आधी गायला लागतो. मे महिन्यात नागपुरात साडेपाचच्या सुमारास उजाडतं, म्हणजे त्याला ऐकायचं तर पावणेपाचला गच्चीत हवं. रस्त्यावरचा दिवा जवळ असेल तर तो आणखी लवकर सुरू करतो.

आता कोकिळेचं. ‘गायक’ हा शब्द इथे गळा गोड आहे की नाही यावरून ठरत नाही, स्वरयंत्राच्या रचनेवरून ठरतो. पक्ष्यांचं स्वरयंत्र श्वासनलिकेच्या तळाशी, जिथे तिला दोन फाटे फुटतात तिथे असतं. गायक पक्ष्यांत या यंत्राला स्नायूंच्या अनेक जोड्या असतात आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलवता येतात. दयाळ, बुलबुल, शिंपी, सुगरण, चिमणी हे त्या गटातले. कावळाही त्याच गटातला! कोकीळ मात्र पावशा आणि भारद्वाज यांच्या कुळातला आहे. गायक पक्ष्यांची पिल्लं आपल्या जातीचं गाणं मोठ्यांचं ऐकून शिकतात. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, रोज काव-काव ऐकतं आणि मोठं झाल्यावर ‘कुहू’च म्हणतं, कारण ते उपजत असतं. ‘कुहू’ म्हणणारा नर असतो, काळा आणि लाल डोळ्यांचा. ठिपक्याठिपक्यांची मादी फक्त ‘किक-किक-किक’ असं ओरडते.

प्रश्न (मनीषनगर) : हौसेने १०×५० ची दुर्बीण घेतली. पण झुडपातले छोटे पक्षी दुर्बिणीत सापडेपर्यंत उडून जातात, सापडले तर धूसर दिसतात, आणि अर्ध्या तासात हात भरून येतात. दुर्बीण खराब निघाली का?

उत्तर : दुर्बीण चांगली असेल, पण कामाला चुकीची आहे. १० हा आकडा किती पट मोठं दिसेल हे सांगतो, ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट मोठं दिसतं तेव्हा हाताचं कंपनही दहापट दिसतं आणि दिसणारा परिसर लहान होतो. शिवाय या मापाच्या बऱ्याच दुर्बिणी पाच-सहा मीटरपेक्षा जवळ फोकस होतच नाहीत, आणि शिंपी बसलेला असतो तीन मीटरवर. धूसर दिसण्याचं तेच कारण.

झुडपातल्या पक्ष्यांसाठी ८×४२ हे माप सर्वांत सोयीचं. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ मिलिमीटर येतं. डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा हा व्यास. १०×५० मध्ये तो ५ असतो, म्हणजे पहाटेच्या उजेडात वजन जास्त बाळगूनही फायदा काहीच नाही. ८×२५ ची खिशात मावणारी दुर्बीण हलकी असते, पण तिथे तो ३ वर येतो आणि सकाळी सहाला सगळं काळपट दिसतं. घेताना दुकानात दोन गोष्टी पाहा. दोन-अडीच मीटरवरची वस्तू स्पष्ट होते का, आणि चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप खाली दुमडून पूर्ण वर्तुळ दिसतं का.

आता आहे ती दुर्बीण आधी नीट जुळवून घ्या. बरेच जण हे कधीच करत नाहीत. दोन्ही नळ्या मधल्या बिजागरीवर उघडझाप करून एकच गोल दिसेल असं अंतर ठरवा. वीस-तीस मीटरवरची एखादी पाटी निवडा. उजवं भिंग तळव्याने झाका आणि डाव्या डोळ्याने मधलं चाक फिरवून अक्षरं स्पष्ट करा. मग डावं झाका. आता मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा, ती पुन्हा हलवायची नाही. यापुढे फक्त मधलं चाक.

पक्षी दुर्बिणीत न सापडण्याचं कारण सवयीत आहे. आपण पक्ष्यावरची नजर काढून दुर्बिणीकडे पाहतो, ती डोळ्याला लावतो आणि मग शोधत बसतो. नजर पक्ष्यावरच ठेवा, मान हलवू नका, दुर्बीण वर आणून नजरेच्या आड धरा. पक्षी पानांत शिरला असेल तर जवळची ठळक खूण पकडा : वाळकी फांदी, पिवळं पान, खोडाचं बेचकं. घरी गॅलरीतून समोरच्या झाडावरच्या चिमण्यांवर रोज दहा मिनिटं सराव केला तर आठवड्यात हात बसतो.

एक गोष्ट आपल्या हवेची. उन्हाळ्यात नऊनंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि कितीही भारी दुर्बिणीतून लांबचा पक्षी लिबलिबीतच दिसतो. तो दोष भिंगाचा नाही. पावसाळ्यात मात्र भिंगांना बुरशी धरते. दुर्बीण कापडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. भिंगावरची धूळ आधी हवा मारायच्या रबरी फुग्याने उडवा, मगच पुसा. कोरडी धूळ कापडाने घासली की वरच्या थरावर चरे पडतात.

प्रश्न (रामनगर) : अंबाझरीच्या बाजूला फिरताना फोनवर पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करतो. घरी ऐकलं की वारा, गाड्या आणि माझाच खोकला. साधा फोन पुरेल का? पुढे या रेकॉर्डिंगचा कोणाला उपयोग होईल असं करायचं तर काय करावं?

उत्तर : फोन पुरेल. सुरुवात ॲपपासून करा. फोनमधलं नेहमीचं रेकॉर्डर माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं. ते फाइल लहान करण्यासाठी आवाजाचा काही भाग टाकून देतं, आणि ‘नॉइज रिडक्शन’ चालू असेल तर पक्ष्याचं गाणंच गोंगाट समजून दाबतं. वेव्ह (आवाज न छाटता साठवणारी) फाइल देणारं, आवाजाची पातळी हाताने ठरवू देणारं ॲप घ्या. मोनो, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट ही मापं ठेवा. एका मिनिटाला साधारण पावणेसहा एमबी जागा लागते, तेवढी मोकळी ठेवा. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात आलेल्या गाण्यावर मेसेजची टिंग वाजते.

पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा स्वर ॲपमधल्या पट्टीवर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल (शून्य ही तिथली कमाल मर्यादा). लाल रेघेला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कशानेही शिवता येत नाही. हळू आवाज मात्र वाढवता येतो.

माइक महाग घेण्यापेक्षा पावलं चालणं स्वस्त. अंतर निम्मं केलं की पक्ष्याचा आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि गाड्यांचा आहे तेवढाच राहतो. वीस मीटरवरून दहावर, दहावरून पाचवर. पक्षी गाणं थांबवून मान ताठ करून बघायला लागला की तुम्ही जास्त जवळ गेलात, दोन पावलं मागे या. बहुतेक फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला असतो, म्हणून ती कड पक्ष्याकडे धरा. बोटं त्या भोकावर येऊ देऊ नका. फोन हातात घट्ट आवळला तर बोटांची सरसर रेकॉर्ड होते, तो लहान ट्रायपॉडवर किंवा दगडावर रुमालाची घडी ठेवून त्यावर टेकवा. नायलॉनचं जाकीट घालू नका. फेब्रुवारीनंतर सागाच्या वाळक्या पानांवर उभं राहून रेकॉर्ड करणं तर पापडावर उभं राहण्यासारखं आहे. आधी पायाखालची पानं हलकेच बाजूला करा, मग सुरू करा, आणि संपेपर्यंत पाय हलवू नका.

वाऱ्यासाठी माइकवर फोमची टोपी हवीच, केसाळ टोपी आणखी चांगली. वारा अडवायला स्वतःचं अंग वापरा : वाऱ्याकडे पाठ, फोन छातीच्या आडोशाला. तलावाच्या काठी वारा उन्हासोबत वाढतो, त्यामुळे साडेसातच्या आत काम आटपा. मे-जूनमध्ये आणखी एक अडचण म्हणजे झाडांवर किरकिरणारे सिकाडा कीटक. त्यांचा आवाज नेमका छोट्या पक्ष्यांच्या पट्टीतच बसतो आणि नंतर तो वेगळा काढता येत नाही. गाड्यांची घरघर मात्र खालच्या पट्टीत असते. घरी ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये २५० हर्ट्झच्या खालचं कापलं की बरीच जाते. शिंपी, दयाळ, बुलबुल यांना याने धक्का लागत नाही. भारद्वाजाचा ‘हूप-हूप’, घुबडं आणि होले यांच्या रेकॉर्डिंगवर मात्र ही कात्री चालवू नका, त्यांचा आवाजच खालच्या पट्टीत असतो.

आता उपयोगाचं. रेकॉर्डिंग किमान तीस सेकंद, जमलं तर दोन-तीन मिनिटं न थांबवता करा. गाण्यांमधली शांतताही माहितीच असते, ती कापू नका. पक्षी थांबला की तीन सेकंद गप्प राहा आणि मग फोनवरच बोला : तारीख, वेळ, नेमकी जागा, पक्षी, डोळ्यांनी पाहिला की फक्त ऐकला, अंतर किती, कुठे बसला होता, काय करत होता, मागे दुसरे कोणते आवाज आहेत. ‘अंबाझरी’ एवढं पुरत नाही, ‘बंधाऱ्याच्या उत्तर टोकाशी, बेशरमच्या झुडपात’ असं सांगा. हे पंधरा सेकंदांचं बोलणं नसेल तर दहा वर्षांनी ती फाइल म्हणजे नुसता किलबिलाट. मूळ फाइल कधी बदलू नका, काटछाट नेहमी प्रतीवर करा. अशा फाइली झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर किंवा ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावरच्या आपल्या यादीला जोडून ठेवता येतात. तिथे त्या जगभरच्या अभ्यासकांना ऐकता येतात आणि तुमची ओळख चुकली असेल तर कोणीतरी ती दुरुस्तही करतं.

प्रश्न (वाडी) : गवतात आणि कुंपणाच्या झुडपांत शेपटी वर करून फिरणारे तीन-चार प्रकारचे बारके पक्षी दिसतात. सगळे एकसारखेच वाटतात. ॲप दर वेळी वेगळं नाव सांगतं. ओळखायचं कसं?

उत्तर : यांच्यासाठी रंगाआधी तीन गोष्टी पाहा : जागा, शेपटी, आवाज.

पाठीवर हिरवट झाक, डोक्यावर तांबूस टोपी, पोट मळकट पांढरं असेल तर तो शिंपी. तो घराजवळच्या जास्वंदीत, लिंबाच्या झाडात, कुंडीतसुद्धा येतो. एवढ्याशा जिवाचा आवाज लांबून ऐकू येतो, ‘टुविट-टुविट-टुविट’ एका लयीत. तो गात असताना दुर्बीण थेट त्याच्या मानेवर धरा. गळा फुगला की मानेच्या दोन्ही बाजूंना काळा डाग उघडतो आणि तोंड मिटलं की नाहीसा होतो. ते पिसं बाजूला सरकल्यावर दिसणारं काळं कातडं असतं. हे एकदा पाहिलं की शिंपी पुन्हा चुकत नाही.

राखी वटवट्या नावाप्रमाणे वरून राखाडी, पोटाला फिकट केशरी-बदामी, डोळा लालसर. तो घाणेरीच्या जाळीत, उसाच्या बांधावर, बागेच्या कुंपणात असतो. त्याची खरी ओळख उडताना होते. एका झुडपातून दुसऱ्यात जाताना पंखांतून ‘टक्-टक्-टक्’ असा आवाज येतो, विजेच्या ठिणग्या उडाव्यात तसा. साधा वटवट्या फिक्या वाळूच्या रंगाचा, डोळ्यावर फिकट भुवई, आणि तलावाकाठच्या उंच गवतात किंवा पाणकणसात. त्याचं गाणं गाण्यापेक्षा किड्याच्या किरकिरीसारखं सलग चालतं.

हिवाळ्यात या गर्दीत पाहुणे येतात. झुडपाच्या आत दडून दर चार-पाच सेकंदांनी कोणीतरी दातावर जीभ आपटावी तसं ‘चक्’ म्हणत असेल, तर तो ब्लिथचा बोरू-वटवट्या. सप्टेंबरमध्ये येतो आणि एप्रिलपर्यंत असतो. मातकट, खुणा नसलेला. दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त येतो.

ॲपविषयी : मर्लिनसारखं ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. ते नाव ही एक शक्यता असते, नोंद नव्हे. एकाच वेळी चार पक्षी बोलत असले किंवा आवाज लांबचा असला की ते चुकतं. कोतवाल पक्षी शिक्रा या शिकारी पक्ष्याची हुबेहूब नक्कल करतो, तिथे तर फसणारच. नाव आलं की आवाजाच्या दिशेने जा, पक्षी पाहा, मगच लिहा. न दिसल्यास वहीत ‘वटवट्या, जात अनिश्चित’ असं लिहिणं अजिबात कमीपणाचं नाही. चुकीच्या नावापेक्षा ती नोंद कितीतरी मोलाची आहे.

प्रश्न (काटोल, शिक्षिका) : शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलांनी सुगरणीची रिकामी घरटी, पिसं आणि एका बुलबुलाची अंडी जमवली आहेत. कोणी म्हणालं हे कायद्यात बसत नाही. पडलेली पिसंही नाहीत? मग मुलांनी जमवायचं काय?

उत्तर : बाई, अंडी तर अजिबात नाहीत. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार रानपक्ष्याच्या अंड्यांना इजा करणं किंवा अंडी-घरट्यांना त्रास देणं ‘शिकार’ या व्याख्येतच येतं. त्याच कायद्यात पिसं, अंडी आणि घरटी यांची गणना प्राण्यापासून मिळालेल्या वस्तूंत होते. अशी वस्तू हाती आली तर ४८ तासांत वनाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं असतं. मोराच्या आपोआप गळलेल्या पिसांना सूट आहे, बाकीच्यांना नाही. मुलांनी हे अजाणता केलं आहे. जे जमलंय त्याची यादी करून जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाला स्वतःहून कळवा आणि ते सांगतील तसं करा. मुलांना रागावू नका, त्यांना घरटं सापडलं म्हणजे त्यांची नजर चांगली आहे.

सुगरणीचं जुनं घरटंही वाया गेलेलं नसतं. सुगरणी गेल्यावर त्यात मुनिया राहायला येतात, कधी उंदीरही.

संग्रहालयात भरून ठेवलेले पक्षी दिसतात, नागपूरच्या १८६३ सालच्या अजब बंगल्यातही आहेत, त्यावरून हा प्रश्न नेहमी येतो. आज असे नमुने गोळा करण्याचं किंवा पक्षी जाळ्यात धरून पायात ओळखीची कडी घालण्याचं काम मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय करता येत नाही, आणि ते प्रशिक्षित हातांचंच काम आहे. तरी त्या जुन्या नमुन्यांतली एक गोष्ट शाळेने जरूर उचलावी : पायाला बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख, गाव, नर की मादी, कोणी आणला हे नसेल तर तो पक्षी अभ्यासाला निरुपयोगी असतो, कातडं कितीही सुंदर असो.

तुमच्या मुलांनी पक्ष्याऐवजी चिठ्ठीच जमवावी. प्रत्येक घरट्यासाठी एक पोस्टकार्ड. झाड कोणतं, जमिनीपासून उंची (बांबूला दर अर्ध्या मीटरवर रेघ मारून अंदाज घ्या), तोंड कोणत्या दिशेला, खाली पाणी आहे का, शेजारी किती घरटी, त्यांतली किती पूर्ण आणि किती अर्धवट. सुगरणीच्या बाबतीत हे फार रंगतं. नर घरटं हेल्मेटच्या आकारापर्यंत विणतो आणि लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादीने पसंत केलं तरच आत जायची नळी पूर्ण होते. नाकारलेली अर्धी घरटी तशीच लोंबकळत राहतात. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला त्याच बाभळीखाली, दहा-पंधरा मीटर लांब उभं राहून मोजलं तर शाळेकडे एका वसाहतीचा पूर्ण पावसाळा लिहिलेला असेल. दुसऱ्या पक्ष्यांच्या, खास करून जमिनीजवळच्या घरट्यांपाशी रोज जाऊ नका. आपल्या पायवाटेने मांजर आणि मुंगूस माग काढतात, आणि कावळा आपण कुठे थांबतो ते बघत असतो.

प्रश्न (प्रतापनगर) : पावसाच्या सुरुवातीला नवरंग येतो म्हणतात. त्याचा आवाज स्पीकरवर लावला तर तो समोर येतो, हे खरं का? आणि जखमी पक्षी किंवा पडलेलं पिल्लू दिसलं तर नेमकं काय करावं?

उत्तर : येतो, आणि म्हणूनच लावू नका. नवरंग इथे वीण करायला आलेला असतो. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो खाणं आणि घरटं सोडून त्या आवाजाशी भांडायला येतो. एका सकाळी तीन गट येऊन गेले तर त्याची सकाळ भांडणातच जाते. त्याऐवजी जूनमध्ये दाट झाडीच्या ओढ्याकाठी सकाळी सहाच्या आत किंवा संध्याकाळी उजेड मावळताना शांत बसा. दोन सुरांची मोठी शीळ ऐकू येईल. पक्षी जमिनीवर पाचोळा उलटत असतो, म्हणून आधी खालीच पाहा.

पिल्लाला पिसं आली असतील आणि ते उड्या मारत असेल तर ते हरवलेलं नाही, उडायला शिकतंय. दयाळ आणि बुलबुलाची पिल्लं अशी एक-दोन दिवस खालीच असतात. मांजरापासून दूर, जवळच्या झुडपावर ठेवा आणि लांब व्हा. आई-बाप चारा घेऊन येतात, माणसाचा वास लागला म्हणून टाकून देत नाहीत. उघडं, पिसं नसलेलं पिल्लू घरट्यात परत ठेवता आलं तर ठेवा.

काचेवर आपटलेला पक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी तासभर ठेवा. बहुतेक वेळा धक्का ओसरला की उडतो. संक्रांतीच्या दिवसांत मांजात अडकलेला असेल तर मांजा ओढू नका. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा, अंगात रुतलेला तुकडा तसाच राहू द्या आणि सेमिनरी हिल्सवरच्या वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (जखमी वन्यजीवांच्या उपचार केंद्राला) न्या. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. मेलेल्या पक्ष्याच्या पायात धातूचं कडं दिसलं तर क्रमांकाचा स्पष्ट फोटो घ्या आणि कड्यावर ज्या संस्थेचं नाव असेल, आपल्याकडे बहुधा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, तिला जागा आणि तारखेसह कळवा. आणि जखमी पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, पाणी थेट तिथेच जातं.